चाखून पाहिलेली पेन्सिल

श्रावण सरत आला की माझ्या नाकाला ओल्या शाडूचा वास येतो. घरात शाडूचं ढेकूळसुद्धा नाही, ते येणं थांबून पन्नासाहून जास्त वर्षं झाली, तरी येतो. पागोळ्या गळत असतात, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट लोंबत असतात, आणि मधेच कुठून तरी तो थंड, किंचित आंबूस वास. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वयाने होतं. वयाने सगळंच होतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

यंदा त्या वासाबरोबर ऋजुताही आली. ही माझ्या भाचीची मुलगी, मुंबईत चित्रकला शिकते. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून इथे रत्नागिरीत एका सभागृहात प्रदर्शन मांडलं होतं. कच्च्या मातीच्या हातभर लांबीच्या पाट्या, न भाजलेल्या, आणि त्यांवर पेन्सिलीच्या रेघा. शेवटच्या दिवशी त्या पाट्या पाण्याच्या पिंपात सोडायच्या होत्या. "आजी, माती विरघळते आणि पेन्सिलीची रेघ पुसली जाते, म्हणून ही दोन माध्यमं घेतली," ती मला समजावत होती. मी बरं बरं म्हणत होते. चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागतं. मनात मात्र म्हटलं, पोरी, पेन्सिलीची रेघ पुसली जाते हे तुला कुणी सांगितलं?

एक पाटी कोरी ठेवली होती. येणाऱ्याने तिच्यावर काहीतरी काढायचं. ऋजुताने माझ्या हातात पेन्सिल दिली आणि मी सवयीने तिचं टोक जिभेला लावलं. ती हसली. माझ्या वर्गातल्या मुलीही हसायच्या. माझ्या मागे मला "चाखरी बाई" म्हणायच्या, ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. कुणाचीही पेन्सिल हातात आली की मी आधी ती चाखते. का, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गणपती करायचे. आषाढ लागला की आमच्या पडवीची गणपतीची शाळा व्हायची. कोकणात गणपतीच्या कारखान्याला शाळाच म्हणतात. गावातली माणसं आपापल्या घरचा लाकडी पाट डोक्यावर घेऊन यायची, तो अण्णांसमोर ठेवायची, पाटावर सुपारी ठेवायची आणि नमस्कार करून जायची. त्याच पाटावर त्या घरचा गणपती बसायचा. मूर्ती केवढी हवी, कशी हवी, कुणी सांगत नसे. पाट दिला म्हणजे सगळं सांगून झालं. आजोबांच्या वेळचे पाट होते, खालच्या बाजूला घराण्याचं नाव रंगवलेले, कडा झिजून गोल झालेले. मी लहानपणी वाचायला शिकले ती पाटांवरची नावं वाचून.

ज्या पावसाळ्याबद्दल मला सांगायचं आहे, तो पंचावन्न सालचा असेल, नाहीतर छप्पन्नचा. मी एकोणीस वर्षांची होते. ड्रॉइंगची इंटरमिजिएट पास होऊन मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते आणि स्वतःला फार मोठी चित्रकार समजत होते. आई जाऊन सात वर्षं झाली होती. घरात अण्णा आणि मी, आणि पावसाळ्यात माती मळायला, अंग घडवायला येणारे दोन कारागीर. डोळे मात्र अण्णांखेरीज कुणी करायचे नाहीत. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी डोळ्यांची आखणी, आमच्याकडे तिला डोळे लिहिणं म्हणतात. त्या दिवशी अण्णा आंघोळ करून, काही न खाता, पडवीतल्या काचेच्या कौलाखाली बसायचे. वरून उजेडाचा एक चौकोन खाली पडायचा, त्यात मूर्ती ठेवायची. बुबुळ काढून झालं की ते कुंचला खाली ठेवून जरा वेळ हात जोडून बसत. तोवर ती माती, आणि त्यानंतर देव, असा साधा हिशेब होता.

अण्णांना दिसेनासं होत चाललं होतं, हे फक्त मला ठाऊक होतं. चैत्रात आम्ही कोल्हापूरला जाऊन दाखवून आलो. काचबिंदू, आणि जी नजर गेली ती परत येणार नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले. परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसून बाहेर बघत होते, निदान बघितल्यासारखं करत होते. एका ठिकाणी गाडी थांबली तसं म्हणाले, "पाली आली काय गो? भज्यांचा वास येतोय." पाली आली होती. मी हो म्हटलं आणि पदर तोंडाला लावून रडून घेतलं. गाडीत पुष्कळ धूळ होती, कुणाला काही वाटलं नाही.

शाडू यायचा गुजरातेतून, गलबताने. पूर्णगडचे हसन नाखवा वर्षानुवर्षं आणून द्यायचे, पाऊस लागून दर्या बंद व्हायच्या आत, मेच्या अखेरीला. त्या वर्षीही आले. गोणी उतरवून घेताना ते कानावरची पेन्सिल काढत, टोक जिभेवर टेकवत आणि कागदावर खूण करत. त्यांची जीभ जांभळी झालेली होती. त्या दिवसांत कुणाची नसते? दारात जांभळाचं झाड, खाली सडा, माझीही जीभ जांभळीच होती.

"चाचा, तुमची पेन्सिल काळीभोर उठते," मी म्हटलं. चित्रकार ना मी!

"ही साधी पेन्सिल नाय हां बेटी," नाखवा खुशीत आले. "पानी लागला काय उलट पक्की होते. कागद दर्यात पडूं दे, माजा आकडा जायाचा नाय. तुला पायजे? घे, ठेव. माज्याकडे दुसरी हाय."

मी ती कंपासपेटीत ठेवली. पुढे तार-ऑफिसात आणि कुठे कुठे तसल्या पेन्सिली पाहिल्या. कोरड्या असताना करड्या, पाणी लागलं की जांभळी शाई, आणि जिभेला कडसर. पण तेव्हा मला एचबी आणि टूबी एवढंच जग ठाऊक होतं.

श्रावणात डोळ्यांचं काम आलं. कारागीर दुपारी जेवायला घरी जात, तेवढ्या वेळात आम्ही पडवीचं दार लोटून घ्यायचो. मी पेन्सिलीने पापणीची कड आणि बुबुळाचा गोल काढायची, आणि अण्णा त्या रेघेवरून कुंचला न्यायचे. बोलून काही ठरलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं म्हटलं, "जरा रेघ मारून दे बघू," आणि मी मारली. पोरीने देवाचे डोळे काढले हे बाहेर कळलं असतं तर काय काय विचारलं गेलं असतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आंघोळ केली होती का, कुठले दिवस होते, सगळं. त्यामुळे आम्ही ते आपापसांतही बोललो नाही.

पुढे आठवडाभर झड लागली. काचेच्या कौलावर शेवाळ आलं, उजेडाचा चौकोन अगदी मळकट झाला. अकरा मूर्ती राहिल्या होत्या. माझी टूबीची रेघ अण्णांना दिसेना. मी दाबून काढली तर खडूचा पांढरा हात निघून यायला लागला. अण्णा डोळा मूर्तीला टेकेल इतके जवळ जायचे, मान वाकडी करायचे, आणि कुंचला हवेतच थांबायचा. एकदा तो थरथरून गालावर टेकला. ते मागे सरले आणि म्हणाले, "राहूं दे आज." पण चतुर्थी चार दिवसांवर आली होती.

तेव्हा मला नाखवांची पेन्सिल आठवली. काळी रेघ, आणि पाण्याने न जाणारी. ह्या दमट हवेत ह्याहून चांगलं काय मिळणार, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी एका मूर्तीची पापणी काढली आणि अण्णांना पुढे बसवलं. त्यांनी मान वाकडी केली, मग सरळ केली, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"गो बाय, दिसली! रेघ दिसली मला."

त्या चार दुपारी अण्णा गुणगुणत काम करत होते. आई गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. काळ्या रंगाच्या कडेला किंचित जांभळी झाक येत होती, ती मी पाहिली. सुंदर वाटली मला. डोळ्यात खोली आली, असं माझ्या ड्रॉइंगच्या परीक्षेच्या भाषेत मी मनाशी म्हटलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडतंय, असं इतकं स्वच्छ मला पुढे कधी वाटलं नाही, आणि ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

चतुर्थीच्या सकाळी माणसं आली, विडा-नारळ ठेवून आपापला गणपती डोक्यावर घेऊन गेली. वरून धुतलेलं धोतर पांघरलेलं, त्यावर कुणी छत्री धरलेली. "अण्णा, औंदा डोळे बोलतायत," शेजारची लक्ष्मीकाकू म्हणाली. अण्णा हसले आणि माझ्या दिशेने बघितल्यासारखं केलं. मी जवळजवळ उडत होते.

तिसऱ्या दिवशी गौरी आणायच्या गडबडीत असताना तीच काकू उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. पायात काही नाही, डोक्यावरून पदर घसरलेला.

"अण्णा, द्येव रडतोय आमचा."

तिचा मुलगा सदा जहाजावर खलाशी होता. दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. त्याचा विषय ती कुणाला काढू देत नसे. आता मात्र तोंडातून तेच येत होतं. "माज्या सदाचा काय झाला असंल ओ? आमचा काय चुकला?"

मी अण्णांचा हात धरून त्यांना तिच्या घरी नेलं. माजघरात दहा-बारा माणसं भिंतीला लागून उभी होती, आरतीची ताटं तशीच. देवाच्या वर माटी बांधली होती, म्हणजे लाकडी चौकट, तिला रानातली फळं आणि ओल्या पानांचे टाळे. पानांचं पाणी थेंब थेंब मूर्तीच्या कपाळावर पडत होतं. आणि दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जांभळा ओघळ निघून सोंडेपर्यंत आला होता. मे महिन्यातली नाखवांची जीभ मला तेव्हा आठवली. 

अण्णांना ओघळ दिसत नव्हता. त्यांनी चाचपत हात वर नेला, देवाच्या गालावर बोट टेकलं, आणि ते बोट जिभेला लावलं.  नंतर त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली, पण मी होते तिथे नाही, जरा पलीकडे, खांबाकडे.

"लक्षुमी, हा रंग हाय. द्येव रडत नाय. पोरगा तुजा बरा हाय, काय एक झालेला नाय त्याला."

"मंग असा कसा झाला?" कुणीतरी विचारलं.

"रंग कालवताना माजा हात चुकला. मला दिसत नाय आता."

 भिंतीकडून एक म्हातारा म्हणाला, "मंग डोळे कुणी लिवलान?"

"मीच. म्हणून तर असा झाला."

मी तिथेच उभी होते. नाखवांची पेन्सिल माझ्या कमरेला खोचलेली होती, सकाळी गौरीच्या सामानाची यादी लिहून झाल्यावर खोचली होती मी. मला नुसतं तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. लोक अण्णांकडे बघत होते, आणि दोन्ही हात जोडलेला माझा बाप त्या मूर्तीपुढे एखाद्या चोरासारखा उभा होता, आणि मी त्याला हात धरून घरी घेऊन आले.   घरी आल्यावर मी दोन वाट्या आमटी वाढली, ती आम्ही खाल्ली.

बाकीच्या दहा घरांत काय झालं, कळलं नाही. कुणी सांगायला आलं नाही. काकूच्या सदाचं पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं. जहाज बसऱ्याला अडकून पडलं होतं, तो धडधाकट होता. काकूने आम्हाला गूळ-खोबरं आणून दिलं आणि अण्णांच्या पाया पडली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या मेमध्ये नाखवा नेहमीइतक्या गोणी घेऊन आले. अण्णांनी सगळ्या उतरवून घेतल्या. मला बाजूला घेऊन नाखवा म्हणाले, "बेटी, पेन्सिल सरली असंल. दुसरी आनलीय तुज्यासाठी." मी नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना काय सांगणार होते मी?

आषाढ लागला. अण्णांनी पडवी सारवून घेतली आणि सकाळपासून दाराशी बसू लागले. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवसापासून माणसं दिसायला लागली, डोक्यावर पाट घेतलेली. आमच्या दारावरून पुढे जात होती, खालच्या आळीत नवीन शाळा निघाली होती तिकडे. अण्णांना पावलं ऐकू येत. पावलं दाराशी जरा हळू होत, मग भराभर पुढे जात. "कोण गेला गो?" ते विचारायचे. मी म्हणायची, कुणी नाही, असाच वाटसरू. एका दुपारी पावसात लक्ष्मीकाकू गेली. डोक्यावर इरलं होतं आणि पाट तिने इरल्याच्या आत छातीशी धरला होता, म्हणजे आम्हाला दिसू नये. पण पाटाचा कोपरा बाहेर राहिला होता. त्या झिजलेल्या कोपऱ्यावरून मी तो पाट ओळखला. त्या वेळी अण्णांनी विचारलं नाही, कोण गेला.

गोणी तशाच राहिल्या. दमट हवेने आतला शाडू ओला व्हायचा, सुकायचा, पुन्हा ओला व्हायचा, आणि अखेर गोणीच्या आकाराचे दगड झाले.

एवढं होऊनही घरचा गणपती होताच. आमचाही पाट होता. अण्णांनी त्या वर्षी एकच मूर्ती केली, नुसत्या बोटांनी चाचपून, आणि इतकी देखणी मूर्ती त्यांनी दिसत असतानाही केली नव्हती. पोटाची गोलाई, मांडी घातलेल्या पायाची घडी, हाताची बोटं. मी खडूचा हात दिला, रंग दिला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अण्णा आंघोळ करून काचेच्या कौलाखाली बसले आणि त्यांनी मला हाक मारली.

"ये बाय, रेघ मार."

मी म्हटलं, "मला नाही जमायचं."

 बाहेर पाऊस पडत होता. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "साधी घे गो. चाखून घे, म्हणजे झाला."

त्यांना पहिल्या क्षणापासून माहीत होतं. बोट जिभेला लावल्याबरोबर त्यांना कळलं होतं रंग कुठला ते, हात कुणाचा ते. वर्षभर त्यांनी ते जिभेवर ठेवलं होतं. आणि इतकं होऊनही ते मला बोलावत होते, पोरीच्या हातातून पेन्सिल सुटू नये म्हणून. हे आज लिहिताना समजतं. तेव्हा मी फक्त लाजेने मेले. शाळेचे पेपर तपासायचेत, असं काहीतरी बोलले आणि आत निघून गेले. चूक अजाणता झाली, गप्प राहिले ते भीतीने. पण त्या दुपारी मी त्यांना एकटं टाकलं, त्याला मी आजवर काही नाव देऊ शकले नाही.

दाराच्या फटीतून पाहिलं ते असं. अण्णांनी डावा अंगठा पापणीच्या खाचेत टेकवला होता आणि त्याच्या कडेने उजव्या हातातला कुंचला चालला होता. ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्या डोळ्याला अंगठा हलला.

एक डोळा वर गेला होता, आणि दुसरा किंचित बाहेर. आम्ही त्याचीच पूजा केली. नेहमी पाच दिवस ठेवायचो, त्या वर्षी दीड दिवस ठेवला. कुणी दर्शनाला आलं नाही, ते एका परीने बरंच झालं. विसर्जनाला भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही दोघंच गेलो. मूर्ती पाण्यात सोडली. पाट उलटा करून, त्यावर मूठभर वाळू घेऊन परत फिरलो, तेव्हा अण्णांनी विचारलं,

"डोळे सारके झाले होते काय गो?"

"हो अण्णा, सारखे."

"मग बरा," ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरी गणपती विकतचा यायला लागला. अण्णा आणखी नऊ वर्षं होते. मी चौतीस वर्षं मुलींना फुलदाण्या शिकवल्या, नक्षी शिकवली, कापडाच्या घड्यांवरची छाया शिकवली. माणसाचं चित्र आलं की हात, पाय, मान काढून द्यायची, आणि चेहऱ्यापाशी आलं की खडू खाली ठेवायची. आता तुम्ही काढा, असं म्हणायची. मुलींना वाटायचं, बाई आम्हाला वाव देतात.

ऋजुताची पेन्सिल साधी होती, बेचव. पाटीची माती अजून ओलसर होती आणि तिला तोच वास होता. "आजी, काढा ना काहीतरी, काहीही," ती म्हणाली. मागे दोन-चार माणसं खोळंबली होती. मी खुर्ची ओढून घेतली. ओल्या मातीत टोक रुतवत काढत गेले. आधी पापणीची कड, मग बुबुळ. एक झाल्यावर दुसरा.

ऋजुता खांद्यावरून वाकून बघत होती. माझं वय लक्षात घेऊन, जपून म्हणाली, "आजी, छान आहेत. फक्त सारखे नाही झाले. एक वर गेलाय, आणि हा जरा बाहेर."

"हो," मी म्हटलं. "नव्हतेच झाले सारखे."